शंभरात एखादी बाटली

वॉरन थॉर्नक्विस्टनं एकोणचाळीस वर्षं शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये लोकांचे दात भरले, उपटले आणि सरळ केले. या धंद्याचा एक मोठा फायदा असतो. समोरच्याचं तोंड सताड उघडं असतं आणि त्यात आपली बोटं, आरसा आणि थुंकी ओढणारी नळी असते. मग आपण करांवर बोला, गोल्फवर बोला, नाहीतर हल्लीच्या पोरांवर बोला, समोरून 'आं' किंवा 'हूं' यापलीकडे विरोध होत नाही. एवढी वर्षं अशी काढल्यावर आपलं प्रत्येक मत जगाला पटतं असं एखाद्याला वाटू लागलं, तर दोष त्याचा नाही, खुर्चीचा आहे.

मार्चमध्ये तो निवृत्त झाला. खुर्ची गेली, उघडी तोंडं गेली, मतं मात्र राहिली. ती कुठेतरी खर्च व्हायला हवीत म्हणून तो वाइनच्या मागे लागला. शनिवारचे चार वर्ग, दक्षिण फ्रान्समध्ये अकरा दिवस आणि घराच्या तळघरात एक गार कपाट, एवढ्या शिदोरीवर तो जूनपर्यंत तज्ज्ञ झाला होता. दात शिकायला त्याला आठ वर्षं लागली होती. वाइन तशी सोपीच म्हणायची.

त्याची मेहुणी बर्निस नोवॉटनी हिचा धंदाही नाकातोंडाचाच, पण उलट्या बाजूनं. सदुसष्ट वर्षांची, लग्न न केलेली, बर्विनमधल्या आईवडिलांच्या विटांच्या घरात एकटी राहणारी बाई. शिकागोच्या पाणी खात्यात, सरोवराकाठच्या प्रयोगशाळेत, तिनं एकतीस वर्षं पाणी हुंगलं. कामावर अत्तर चालायचं नाही, वासाचा साबण नाही, सकाळची कॉफी नाही. सात वाजता कोमट केलेल्या पाण्याचे काचेचे चंबू समोर यायचे, बूच काढून नाक लावायचं आणि सांगायचं: माती, शेवाळ, काकडी, मासळी, ओला पुठ्ठा. यंत्रं होती, पण यंत्राच्या आधी बर्निसला कळायचं. लाखो माणसं रोज सकाळी नळ सोडत आणि त्यांना कसलाच वास येत नसे, हीच तिची कामगिरी. असल्या कामाला कुणी पदक देत नाही.

वॉरनच्या पासष्टाव्या वाढदिवसाचं जेवण ठरलं ते फुल्टन मार्केटमधल्या 'गारीग' या रेस्टॉरंटात. गारीग म्हणजे दक्षिण फ्रान्समधलं काटेरी झुडपांचं माळरान. या माळरानावर बसायला जागा हवी तर दोन महिने आधी फोन करावा लागतो. वॉरननं केला, तेव्हा त्याला सव्वापाचचं टेबल मिळालं. साडेसातची टेबलं बहुधा जन्मतःच कुणाकुणाच्या नावावर असतात.

दाराशीच मार्लीननं, म्हणजे बर्निसच्या धाकट्या बहिणीनं, वॉरनच्या बायकोनं, तिला दंडाला धरून बाजूला घेतलं. वॉरन गाडी लावणाऱ्या पोराला किल्ली देण्यात गुंतला होता.

"बर्नी, एक कबूल कर. आज नाकाला सुट्टी."

"म्हणजे?"

"म्हणजे काही आलंच तुझ्या नाकात, तर तिथेच ठेव. तोंडापर्यंत आणू नकोस. थँक्सगिव्हिंगला काय झालं, विसरलीस?"

बर्निस विसरली नव्हती. थँक्सगिव्हिंगला वॉरननं स्वयंपाकघरातल्या ओट्याखाली पाणी गाळायचं नवं यंत्र बसवलं होतं आणि सगळ्यांना पेले भरभरून पाणी पाजलं होतं. "झऱ्याचं पाणी आहे, झऱ्याचं," असं तो म्हणाला. बर्निस म्हणाली, "बुरशीचं आहे." सोमवारी प्लंबरनं यंत्र उघडलं, तर आत काळा गिळगिळीत थर. वॉरन त्यानंतर ईस्टरपर्यंत तिच्याशी बोलला नाही. बुरशीचा राग त्याला नव्हता, ती खरी निघाली याचा होता.

"बरं बाई," बर्निस म्हणाली. "अळीमिळी गुपचिळी."

"शपथ?"

"अगं आता काय लिहून देऊ? चल आत."

आत छताला लोखंडी आकडे तसेच ठेवले होते. पूर्वी इथे मांसाची वखार होती आणि त्या आकड्यांना बैलांची धडं लटकत. आता त्यांना रोझमेरीच्या कुंड्या लटकत होत्या. भिंतींचा गिलावा मुद्दाम खरवडलेला होता. बर्निसच्या घरी गिलावा आपोआप पडला होता, तेव्हा तिनं गवंडी बोलावला होता. ती चूक झाली असं तिला आता वाटलं.

टेबलाशी चौथा माणूस आधीच येऊन बसला होता. डेल ऑस्टरमन, वॉरनचा गोल्फचा जोडीदार. पूर्वी विमा विकायचा. डेलचं स्वतःचं मत कुणी कधी ऐकलं नव्हतं. वॉरन बोलायचा आणि डेल री ओढायचा. अशी माणसं गोल्फला फार उपयोगी पडतात.

वेटर आला. अंगात निळा अंगरखा, चेहऱ्यावर दीक्षा देणाऱ्याचे भाव.

"यापूर्वी कधी आमच्याकडे जेवला आहात?"

"नाही," मार्लीन म्हणाली.

"मग आमची जेवणामागची कल्पना थोडी समजावून सांगू का?"

कल्पना अशी होती, की पदार्थ जसे तयार होतील तसे येतील आणि सगळ्यांनी ते वाटून खायचे. म्हणजे स्वयंपाकघराला सोयीचं होईल तेव्हा आणि चार माणसांत तीन तुकडे. वॉरननं हे सगळं मान तिरकी करून ऐकलं. "अगदी प्रोव्हान्ससारखं," तो म्हणाला.

"अगदी," डेल म्हणाला. डेल कधी शेजारच्या विस्कॉन्सिन राज्याच्या पलीकडे गेला नव्हता.

निळसर काचेच्या बाटलीतून पाणी आलं. बर्निसनं एक घोट घेतला आणि तिला बरं वाटलं. बाटली फ्रान्सची असेल, पाणी तिच्याच सरोवराचं होतं. परगावच्या लग्नात अचानक आपल्या गल्लीतलं माणूस भेटावं तसं झालं तिला. ती पाणी पीत राहिली.

पहिलं आलं ते चण्याच्या पिठाचं धिरडं. तिथे त्याला 'सोका' म्हणतात आणि ते तांब्याच्या तव्यासकट येतं. मग आला ऑक्टोपस: तीन पाय, चार माणसं. मग एकजण नुसतं ऑलिव्हचं तेल घेऊन आला. ते त्यानं बशीत ओतलं आणि ज्या डोंगरावर ती झाडं आहेत त्या डोंगराची, झाडं लावणाऱ्या आजोबांची आणि आजोबांच्या गाढवाची हकीकत सांगितली. गाढवाचं नाव मार्सेलीन होतं. हकीकत संपेपर्यंत पाव गार झाला होता.

"वा," वॉरन म्हणाला. "याला म्हणतात जेवण. आता वाइन बघू."

वाइन सांभाळणारी बाई आली. रोशेल बटलर तिचं नाव. चाळिशीची, ठेंगणी, काळा कोट, कोटाला द्राक्षांच्या घडाची बारीक पिन. ती वेटरसारखी हसली नाही. साधी हसली.

"काही सुचवू का, सर?"

"गरज नाही," वॉरन म्हणाला. वाइनची यादी त्यानं अशी उघडली होती जणू समोर कुणाचा तरी एक्स-रे आहे. "बांदोल. ही. लाल. मी तिथे होतो. त्या मळ्याच्या बाहेर उभा होतो मी."

"आत नाही गेलात?" बर्निसनं विचारलं. हे नाकाचं नव्हतं, कानाचं होतं, म्हणून शपथेत बसत नव्हतं.

"दुपारी बंद असतात ते," वॉरन म्हणाला.

बाटली आली. रोशेलनं बूच काढलं आणि रीतीप्रमाणे स्वतःसाठी थेंबभर ओतायला हात पुढे केला, तोच वॉरननं आपला ग्लास मध्ये घातला.

"मी बघतो ना. या टेबलावर एका माणसाला कळतं तेवढं पुरे आहे."

रोशेलनं त्याच्या ग्लासात ओतली. वॉरननं ग्लास गरगरा फिरवला, उजेडाकडे धरला, त्यात नाक खुपसलं, घोट घेतला आणि चूळ भरताना करतात तसा खळखळवला. मग डोळे मिटले. आसपासच्या दोन टेबलांवरच्या लोकांनीही बोलणं थांबवलं, कारण कुणाला काही झालं की काय असं त्यांना वाटलं.

"रान," वॉरन अखेर म्हणाला. "पावसानंतरचं रान. ओली पानं. जुनं दगडी तळघर. फ्रान्सची माती आहे ही, डेल. माती!"

डेलनं घोट घेतला. "रान अगदी स्पष्ट आहे," तो म्हणाला.

रोशेल ओतत होती. डेलचा ग्लास झाला, मार्लीनचा झाला, आणि बर्निसच्या ग्लासापाशी तिचा हात क्षणभर थबकला. तिच्या नाकपुड्या हलल्या. त्याच वेळी तो वास बर्निसपर्यंत पोचला. नाक जवळ न्यायचीही गरज पडली नाही. ओला पुठ्ठा. तळघरात पाणी शिरल्यावर आठवडाभर पडून राहिलेलं खोकं. एकतीस वर्षांत हा वास तिनं पाण्यात जेमतेम सहा वेळा पकडला होता, आणि सहाही वेळा वरच्या साहेबांना फोन गेला होता. वाइनमध्ये तो बुचाच्या बुरशीतून उतरतो. बुचाला लागली की बाटली गेली. मग ती कुठल्याही मळ्याची असो, आत गेलेल्यानं आणलेली असो की बाहेर उभं राहिलेल्यानं.

दोन्ही बायकांची नजरानजर झाली. त्यांना बोलावं लागलं नाही.

"सर," रोशेल हलक्या आवाजात म्हणाली, "मी ही बाटली एकदा बघू का? मला वाटतं, कदाचित..."

"काय वाटतं?" वॉरन म्हणाला. आवाज अजून गोड होता. "बांदोल अशीच असते. लोकांना गोडगोड फळांची सवय असते, म्हणून पहिल्यांदा विचित्र वाटते. तुम्ही बोलून दाखवलंत ते बरं केलंत. पण मी तिथे अकरा दिवस होतो."

"जशी तुमची इच्छा, सर."

टेबलाखाली मार्लीननं बर्निसच्या पायावर पाय ठेवला आणि दाबून धरला. बर्निसनं मूग गिळले. हे बोलायला सोपं आहे. एखाद्या गवयासमोर कुणी तासभर बेसूर गावं आणि गवयानं टाळ्या वाजवाव्यात, तसं तिला होत होतं. ग्लास तिनं हळूच पावाच्या टोपलीमागे सरकवला आणि ओळखीच्या पाण्याला हात घातला.

जेवण पुढे सरकलं. मार्सेयच्या कोळ्यांनी विकून उरलेल्या मासळीचं जे कालवण पूर्वी घरी करून खाल्लं, ते आलं. आता त्यातला रस्सा ओतायला वेगळा माणूस होता आणि तो रस्सा फार वरून ओतत होता. वॉरन कालवण खात होता, पीत होता आणि बोलत होता. वाइनला श्वास घेऊ द्यावा लागतो. वाइन ही जिवंत वस्तू आहे. अमेरिकन माणसाचं नाक मेलेलं आहे.

"मेलेलंच," डेल म्हणाला आणि घोट घेताना चेहरा असा केला, की औषध घेणाऱ्या माणसानंही इतका करू नये. पण तो पीत राहिला. बाटलीतलं जवळजवळ सगळं त्या दोघांनीच संपवलं. मार्लीननं एकदाच ओठ लावले होते. तिचा ग्लास जिथे होता तिथेच होता, पण त्या टेबलावर मार्लीनच्या ग्लासाकडे बघायची रीत नव्हती.

"आणखी एक," वॉरननं हुकूम सोडला. "हीच."

दुसरी बाटली आली. तोच मळा, तेच साल. रोशेलनं या वेळी स्वतः चाखायचा विषयही काढला नाही. वॉरनच्या ग्लासात ओतली आणि बाजूला उभी राहिली. पुन्हा गरगर, पुन्हा उजेड, पुन्हा खळखळ. वॉरनच्या कपाळाला आठी पडली.

"हे काय आहे?"

"सर?"

"रान कुठे आहे?" त्यानं पुन्हा हुंगलं. "नाही. रान नाही, माती नाही. नुसती फळं. काळी फळं, मसाला, असलंच काहीतरी. ही गेलेली आहे. बिघडली आहे ही बाटली."

धंद्यात पंधरा वर्षं काढलेल्या बाईचा चेहरा कसा असावा तसा रोशेलचा चेहरा होता, म्हणजे त्यावर काहीही नव्हतं.

"तुमची खात्री आहे, सर?"

"डेल, बघ."

डेलनं घोट घेतला. त्या संध्याकाळी पहिल्यांदाच त्याचा चेहरा उजळला, खांदे सैल झाले, त्यानं नकळत दुसराही घोट घेतला. मग वॉरनकडे बघून भानावर आला. "बिघडलेली," तो खेदानं म्हणाला.

"आमच्याकडे अशी रीत आहे," रोशेल म्हणाली, आणि ही रीत तिनं त्याच क्षणी पाडली असावी, "की बाटली परत नेण्याआधी टेबलावरच्या आणखी कुणाचं तरी मत घ्यावं." ती बर्निसकडे वळली. "मॅडम, तुम्ही बघाल का?"

वॉरन खदखदून हसला. "बर्निस? अहो, बर्निस पाणी चाखायची! शहराचं पाणी! एकतीस वर्षं!"

"असं?" रोशेल म्हणाली, आणि तिच्या त्या कोऱ्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी हललं. तिनं स्वच्छ ग्लास घेतला, त्यात दोन बोटं वाइन ओतली आणि बर्निससमोर ठेवली.

मार्लीनचा पाय पुन्हा आला. बर्निसनं ग्लास उचलला. फिरवला वगैरे नाही, नाकाखाली धरला फक्त. उन्हात तापलेले दगड, ओव्याच्या जातीची कसलीशी रानपाल्याची वाळलेली काडी, आणि झाडावर जरा जास्तच पिकलेला काळा प्लम. तिनं घोट घेतला आणि लगेच दुसराही घेतला. वाइन तिला फारशी आवडायची नाही. ही आवडली. शपथ तर घेतली होती, आणि खोटं तिला नोकरीत असल्यापासून जमत नव्हतं. वासाच्या बाबतीत तर नाहीच.

"यात तळघर नाही," ती सावकाश म्हणाली. "ओलं काही नाही. वॉरनला जे आवडलं होतं, त्यातलं यात काहीएक नाही."

"बघा!" वॉरननं टेबलावर थाप मारली. "पाणीवालीलासुद्धा कळलं!"

"तुम्ही ही ओतून टाकणार का?" बर्निसनं रोशेलला विचारलं.

"परत गेलेली बाटली दुसऱ्या कुणाला देता येत नाही, मॅडम."

"मग माझ्या ग्लासात ओता. मला बिघडलेली चालेल."

"द्या, द्या तिला," वॉरन उदारपणे म्हणाला. "वाया घालवायचं नाही, सरकारी माणूस ना! मला मात्र पहिल्यासारखीच आणा. तंतोतंत तशी."

"तशी मिळणं कठीण आहे, सर," रोशेल अदबीनं म्हणाली. "तशी बाटली शंभरात एखादी निघते."

"ऐकलंस, डेल? शंभरात एखादी!" वॉरननं पहिल्या बाटलीचा तळ आपल्या ग्लासात उपडा केला. "आणि ती आपल्या वाट्याला आली."

रोशेलनं बर्निसचा ग्लास भरला, अगदी काठापर्यंत, रीतीच्या बाहेर. बाटली तिनं उचलून नेली नाही. बर्निसच्या कोपराजवळ ठेवली आणि ती निघून गेली.

इतक्यात कोकराचा खांदा आला, जर्दाळू आणि बारीक कांद्यांबरोबर. हा मात्र चौघांना पुरेल एवढा होता, बहुधा चुकून. बर्निसनं एक घास खाल्ला, वर बिघडलेल्या वाइनचा घोट घेतला, आणि तिच्या तोंडून "अहाहा" निघून गेलं. ते शपथेत नव्हतं.

मार्लीननं आपला भरलेला ग्लास बाजूला केला आणि रिकामा पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

"बर्नी, मला पण दे थोडी बिघडलेली."

"मार्लीन, अगं, पोट बिघडेल," वॉरन म्हणाला.

"बिघडू दे."

ती प्यायली. मग दुसरा घोट. मग दोघी बहिणी कोकरू खाऊ लागल्या. मार्लीनला कसलीतरी जुनी गोष्ट आठवली. त्यांच्या वडिलांनी एकदा तळघरात चेरीची दारू घातली होती, बरणी फुटून ती शेजाऱ्यांच्या मांजरानं चाटली आणि मांजर दोन दिवस पोस्टाच्या पेटीवर झोपून होतं. तेव्हाची माणसं, त्या शेजारणीचा थयथयाट, सगळं तिनं हुबेहूब करून दाखवलं. बर्निसला ठसका लागला. डेल हसता हसता हळूच म्हणाला, "वाया कशाला घालवायची म्हणतो मी..." आणि त्यानं ग्लास पुढे केला.

आता टेबलाच्या एका बाजूला तिघं बिघडलेली वाइन पीत होती आणि त्यांचं चांगलं चाललं होतं. दुसऱ्या बाजूला वॉरन होता, त्याच्यासमोर शंभरात एखादीचे शेवटचे दोन घोट होते, आणि त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं. त्यानं एक वाक्य सुरू केलं: "प्रोव्हान्समध्ये कोकरू..." ते मांजराच्या गोष्टीत बुडून गेलं. त्यानं पुन्हा सुरू केलं, पुन्हा बुडालं.

"बघू ती," तो शेवटी म्हणाला.

बर्निसनं बाटली त्याच्याकडे सरकवली. त्यानं ओतली, फिरवायला मनगट उचललं आणि कोण जाणे का, न फिरवताच प्यायला. मग आपल्या जुन्या ग्लासात नाक घातलं. मग नव्या. मग पुन्हा जुन्या.

बर्निस त्याचा चेहरा बघत होती. तो काही मूर्ख माणूस नव्हता. एकोणचाळीस वर्षं त्यानं लोकांच्या जबड्यातली कीड नुसत्या वासावरून ओळखली होती. त्याला कळत होतं, आणि कळतंय हे कुणाला कळू नये म्हणून तो डोळे ग्लासातच ठेवून होता. तिला वाटलं होतं या क्षणी आपल्याला गुदगुल्या होतील. झाल्या, पण अपेक्षेपेक्षा कमी. समोर एक पासष्ट वर्षांचा माणूस बसला होता, ज्याच्याकडे मार्चपासून कुणीच येत नव्हतं.

"हवा लागल्यावर सुधारली की ही," वॉरन म्हणाला.

"बरीच सुधारली," डेल म्हणाला.

बर्निसनं तोंड उघडलं नाही. उघडलं ते मार्लीननं. इतक्या वर्षांच्या संसारात त्या टेबलावर, म्हणजे कुठल्याही टेबलावर, ती पहिल्यांदाच काट्याचमच्याशी न खेळता बोलली.

"वॉरन, ही सुधारली नाही. ही चांगलीच होती. पहिली सडकी होती."

पलीकडच्या टेबलाशी गाढवाची हकीकत चालू होती.

"तुला कधी कळलं?" वॉरननं विचारलं.

"पहिल्या घोटाला."

"मग बोलली का नाहीस?"

"विचारलंस कधी?"

वॉरन बर्निसकडे वळला. "आणि तू?"

"मला घोटसुद्धा घ्यावा लागला नाही," बर्निस म्हणाली. "पण मी शपथेवर होते. विचार हिला."

वॉरननं हात वर करून रोशेलला बोलावलं. ती आली. "तुम्हाला माहीत होतं?" त्यानं विचारलं.

"वास आला होता, सर."

"मग सांगायला काय झालं होतं?"

"सांगत होते, सर. तुम्ही अकरा दिवस तिथे होतात."

मार्लीनला हसू फुटलं. तिनं नॅपकिन तोंडावर धरला, पण खांदे हलायचे राहीनात. रोशेल म्हणाली, "ती बाटली आम्ही परत घेतो, सर." वॉरन म्हणाला, "कशी घेणार? ती माझ्या पोटात आहे." आणि मग, सगळ्यांना आश्चर्य वाटलं, पण तो स्वतःही थोडा हसला. फार नाही. दात दिसतील एवढं.

गोड येईपर्यंत तो गप्प होता. मार्लीननं नंतर सांगितलं, की इतका वेळ तो झोपेतसुद्धा गप्प नसतो. मधाचा केक खाताना त्यानं बर्निसला विचारलं, "तुमच्या त्या प्रयोगशाळेत... तिथे कसं करायचात तुम्ही?"

लग्नापासून आजवर त्यानं हे कधी विचारलं नव्हतं.

"पाच जणं बसायचो," ती म्हणाली. "प्रत्येकानं हुंगायचं आणि आपापल्या चिठ्ठीवर लिहायचं. तोवर अक्षर बोलायचं नाही. 'हूं' नाही, नाक मुरडणं नाही. मग सगळ्या चिठ्ठ्या एकदम उघडायच्या."

"का बरं?"

"कारण पहिला जो बोलतो ना, बाकीच्यांना मग त्यानं सांगितलेलाच वास यायला लागतो."

वॉरननं मान डोलावली. डेलनं खाली बशीकडे बघितलं. मग तो अपराधी चेहरा करून म्हणाला, "खरं सांगू का? मला मात्र खरंच रान आलं होतं."

बाहेर अजून लख्ख उजेड होता. गाडी मार्लीननं चालवली, कारण बाटलीभर रान पोटात असलेल्या माणसाच्या हाती किल्ली देण्यात अर्थ नव्हता.

एवढ्यावर माणूस सुधारला, असं सांगायला बर्निसला आवडलं असतं. पण तीन आठवड्यांनी मार्लीनचा फोन आला.

"बर्नी, ऐक. काल क्लबात जेवण होतं, आठ माणसं. यानं ती गोष्ट सांगायला घेतली. 'गारीगमध्ये मला सडकी बाटली दिली होती,' म्हणतो, 'आणि मी ती हुंगताक्षणी पकडली!'"

"आणि डेल?"

"डेल म्हणाला, ताबडतोब पकडली."

"वा. आणि तू?"

"मी म्हटलं, नाही रे वॉरन. तू ती पूर्ण प्यायलास."

बर्निस खुर्चीत बसली. "सगळ्यांसमोर?"

"आठहीजणांसमोर. मग डॉक्टर हॅलोरनची बायको अशी हसली, अशी हसली, की तिला पाणी द्यावं लागलं."

"आणि वॉरन? तो काय म्हणाला?"

"काही नाही," मार्लीन म्हणाली. "मीठ मागितलं त्यानं. मी दिलं. मग म्हणाला, तूच सांग पुढचं, तुला नीट आठवतंय. तर मी सांगितलं."